जमिनीची थरथर आणि जोडीचे विवर्धक

21 मार्च 2024 रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 महत्तेचा भूकंप झाला. परभणीतही हादरे जाणवले. असे हादरे आपल्याला कळतात. पण जमिनीची त्याहून कितीतरी हलकी थरथर शाळेच्या प्रयोगशाळेत नोंदविता येईल काय?

जिओफोनमध्ये चुंबकाजवळ स्प्रिंगला टांगलेले तारेचे वेटोळे असते. जमीन हलली की चुंबक हलतो, वेटोळे जडत्वामुळे मागे राहते आणि फॅरडेच्या नियमानुसार त्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. समजा, सेकंदाला 1 मीटर वेगास 28 व्होल्ट मिळतात. मग सेकंदाला 1 मायक्रोमीटर वेगास मिळतील 28 मायक्रोव्होल्ट. दहा बिटांचा मायक्रोकंट्रोलर 5 व्होल्टचे 1024 भाग पाडतो. म्हणजे त्याची एक पायरी सुमारे 4.9 मिलिव्होल्टची. आपला संकेत तिचा जेमतेम 175वा भाग! तो 1000 पट केला, तर 28 मिलिव्होल्ट, म्हणजे जवळजवळ सहा पायऱ्या मिळतील.

एकाच ऑप-अँपकडून 1000 पट विवर्धन का घेऊ नये? कारण त्याच्या अंगी एक खोड असते. संकेत शून्य असतानाही आत काही मिलिव्होल्टचा फरक असतो. हा फरक 2 मिलिव्होल्ट धरला, तरी 1000 पटीने तो 2 व्होल्ट होतो. संकेत दोन्ही बाजूंना डोलावा म्हणून आपण 2.5 व्होल्टची मध्यरेषा ठेवतो, ती 4.5 कडे सरकू लागते आणि संकेताला वर जागाच उरत नाही.

म्हणून काम वाटून द्यावे. पहिला टप्पा 50 पट, दुसरा 20 पट. विवर्धनांची बेरीज नव्हे, गुणाकार होतो: 50 × 20 = 1000. दोहोंमध्ये 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि मध्यरेषेला जोडलेला 100 किलोओहमचा रोध ठेवावा. कपॅसिटर स्थिर दाब अडवतो, सुमारे 0.16 हर्ट्झपेक्षा जलद बदल पुढे जाऊ देतो. पहिल्या टप्प्याचा दोष तेथेच थांबतो. दुसऱ्याचा 2 मिलिव्होल्टचा दोष केवळ 40 मिलिव्होल्ट होतो.

मात्र पहिल्या टप्प्यात शिरलेला गोंगाट संकेताबरोबरच 1000 पट वाढतो. म्हणून तो टप्पा जिओफोनच्या अगदी जवळ ठेवावा, आणि तारा विजेच्या वायरिंगपासून दूर.

हे यंत्र भूकंपाचे भाकीत करीत नाही. झालेली हालचाल तेवढी सांगते.

विचार करा: पहिला टप्पा 20 पट व दुसरा 50 पट केला, तर दुसऱ्याचा दोष किती होईल?