मागच्या शॉकला आडोसा हवा, गवसणी नको

दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेल्या माउंटन सायकलचा मागचा एअर शॉक म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. बाहेरच्या डब्यात दाबून भरलेली हवा असते, आतल्या नळीत तेल. चाक दगडावर चढले की नळी डब्यात शिरते आणि लगेच बाहेर येते. डब्याच्या तोंडाशी असलेला रबरी वायपर नळीवरची धूळ पुसतो. कोरडी धूळ त्याला जड जात नाही; पण कच मिसळलेला चिखल तिथे साचून राहिला, तर काही कण आत ओढले जातात आणि प्रत्येक हेलकाव्याला नळी घासतात. नळीवरचा कठीण थर खरवडला गेला की त्या ओरखड्यातून हवा गळू लागते.

हा चिखल उडवते मागचे टायर. ज्या फ्रेममध्ये शॉक सीट ट्यूबच्या मागे किंवा खाली पेडलच्या धुरीजवळ असतो, तिथे तो थेट माऱ्यात येतो. फ्रेमच्या वरच्या नळीखाली आडवा बसवलेला शॉक बहुधा कोरडाच राहतो. म्हणून आधी एका पावसाळी फेरीनंतर शॉक न धुता पाहावा. नळीवर चिखल दिसला तरच पुढच्या खटाटोपाला अर्थ आहे.

घरगुती उपायांत सर्वांत आधी सुचते ते शॉकला गुंडाळणे. प्रस्तुत लेखकाने तेच केले. गुडघ्याला बांधायचा निओप्रीनचा जुना पट्टा कापून त्याने तो वेल्क्रोने शॉकभोवती घट्ट बसवला आणि पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पावसाळ्याचे दोन महिने सायकल चालवली. बाहेरून सारे स्वच्छ दिसत होते, त्यामुळे पट्टा सोडून पाहण्याची गरज वाटली नाही. मग दर आठवड्याला हवा कमी भरू लागली. पट्टा काढला तेव्हा नळीवर राखाडी लगद्याचा थर होता आणि सॅग, म्हणजे सायकलवर बसल्यावर शॉक किती दबतो ते, मोजायची रबरी कडी त्यात रुतली होती. लगदा पुसल्यावर नळीवर उभे ओरखडे दिसले. नख फिरवले तर अडकत होते. सील बदलून भागण्याची वेळ निघून गेली होती, नळीच बदलावी लागली.

कारण साधे होते. पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या फटींतून पाणी आणि बारीक कच आत जात होती, बाहेर यायला वाट नव्हती. निओप्रीन ओल धरून ठेवते. त्यामुळे नळीभोवती दिवसरात्र ओला पॉलिश पेपर गुंडाळल्यासारखे झाले. शिवाय लांब उतारावर शॉक तापतो, आणि गुंडाळलेल्या शॉकची उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

यावरून ठरणारा नियम असा : शॉक झाकू नये, टायर आणि शॉक यांच्यामध्ये पडदा लावावा. पंक्चरच्या दुकानात मिळणारी जुनी ट्यूब त्याला पुरते. ती लांबीला चिरून, धुऊन सपाट केली की पट्टी तयार होते. अरुंद वाटल्यास मोटरसायकलची ट्यूब घ्यावी. पट्टीचे वरचे टोक सीट स्टे जोडणाऱ्या आडव्या दांडीला आणि खालचे चेन स्टेमधल्या पुलाला झिप टायने बांधावे. चाक वरखाली होताना ताणली जाणार नाही इतकी ती सैल असावी. पण टायरला टेकेल इतका झोळ ठेवू नये. जिथे दांडीच नाही, तिथे प्लास्टिकच्या फाइलचे कव्हर कापून वापरता येते.

टाय शॉकला, ब्रेकच्या नळीला किंवा सांध्यावर बांधू नये. टायखाली ट्यूबचाच तुकडा घालावा, नाहीतर रंग घासला जातो. टायची शेपटी सपाट कापावी. तिरप्या कापलेल्या टोकाने पोटरी चिरते.

बांधून झाल्यावरची तपासणी टाळू नये. शॉक 55 मिलिमीटर दबतो तेव्हा मागचे चाक बहुतेक फ्रेमवर त्याच्या अडीचपट, म्हणजे सुमारे 14 सेंटिमीटर, वर येते. उभ्या सायकलवर मोकळा वाटणारा पडदा तेवढ्या उचलीत टायरखाली सापडू शकतो. ते पाहण्यासाठी शॉकमधली हवा काढावी लागते, म्हणून आधीचा दाब लिहून ठेवावा. हवा थोडी थोडी सोडावी आणि अधूनमधून सीट हलकी दाबत राहावी. एकदम सोडल्यास आतल्या दुसऱ्या कप्प्यातली हवा अडकून शॉक दबलेलाच राहू शकतो. मग सायकल पूर्ण दाबून चाक फिरवावे. पडदा कुठेही घासत नसेल तर शॉक पंपाने पुन्हा तेवढाच दाब भरावा.

पडदा लावला तरी देखभाल चुकत नाही. चिखलातून आल्यावर साध्या धारेने शॉक धुवावा, प्रेशर वॉशरचा झोत सीलवर मारू नये. मऊ फडक्याने नळी पुसावी आणि तिच्यावर चेनचे तेल लावू नये, कारण तेलाला धूळ चिकटते. रॉकशॉक्स आपल्या शॉकच्या हवेच्या डब्याची सर्व्हिस 50 तासांनी सांगते, फॉक्स पूर्ण सर्व्हिस 125 तासांनी किंवा वर्षातून एकदा. चिखलात चालणाऱ्या सायकलला ती त्याआधीच करून घ्यावी.