बँकॉकला उतरल्यावर बाथ कुठून घ्यायचे?

प्रश्न : आई-वडील कोपरगावहून पहिल्यांदाच थायलंडला निघालेत. तिथलं चलन इथूनच न्यावं का?

उत्तर : थोडं इथून, बाकीचं तिथे. विमानतळ तालुक्यातच, काकडीला असला तरी बँकॉकची वाट बहुधा मुंबईवरूनच जाते. पण चलनाचं काम मुंबई विमानतळावर ढकलू नये. तिथला दर सहसा महागच. परवानाधारक विक्रेत्याकडून टॅक्सी-जेवणापुरते दोन-तीन हजार बाथ आधीच घ्यावेत. रोख रुपये देऊन ५०,००० रुपयांच्या आतलंच चलन मिळतं. पुढे चेक किंवा कार्ड.

बाकी डॉलर न्यावेत, तेही शंभराच्या कोऱ्या करकरीत नोटा. सुट्या नोटांना दर कमी मिळतो. सुवर्णभूमी विमानतळावर बॅगा हातात आल्या की समोरच्या खिडकीकडे धावू नये. सरळ तळघरात, शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या स्थानकापाशी उतरावं. तिथल्या खिडक्यांवर दर बरा असतो.

एटीएम? चालेल, पण तिथली बँक दर वेळी दोनशेहून अधिक बाथ कापते, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढावी. ‘रुपयांत की बाथमध्ये’ असं पडद्यावर आलं, तर बाथ.

आणि हो, २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशातला वापर बंदच असतो. वडिलांच्या कार्डावर तो घरूनच चालू करून द्यावा.