एका खेड्याची नृत्ये : हेडिंग्टन क्वारीचे मॉरिस

इंग्लंडातील ऑक्सफर्ड शहरात हेडिंग्टन क्वारी नावाची वस्ती आहे. दगडाच्या खाणींवरून तिला हे नाव पडले. विटा पाडणे व गवंडीकाम हाही तेथील पुष्कळांचा धंदा होता. या कष्टकरी माणसांनी जतन केलेल्या 'मॉरिस' नृत्यांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

मॉरिसमध्ये सहा नर्तक तिघातिघांच्या दोन ओळींत उभे राहतात. पायांना घुंगरांचे पट्टे, हातांत पांढरे रुमाल किंवा काठ्या, आणि साथीला बहुधा एकच वादक. इतकी नृत्ये पथकाच्या लक्षात तरी कशी राहतात, असे कोणासही वाटेल. त्याचे उत्तर रचनेत आहे. गावाची पावले व फिरण्याचे प्रकार ठरलेले असतात : पुढे जाऊन मागे येणे, समोरच्या गड्याशी जागा बदलणे, सर्वांनी वर्तुळात फिरणे. हे प्रकार नृत्यानृत्यांतून पुनःपुन्हा येतात. त्यांच्या मधून मधून येणारा भाग मात्र ज्या त्या नृत्याचा स्वतःचा. आपल्या पदांतील ध्रुवपदासारखाच म्हणा ना! नव्या मुलाने गावची चाल एकदा आत्मसात केली की पुढे त्याला बहुतांशी ही ध्रुवपदेच शिकावयाची राहतात.

'बीन सेटिंग' या नृत्यात काठीचे टोक जमिनीवर आपटून घेवड्याचे बी टोकल्याचा आभास करितात, आणि लगेच काठीवर काठी वाजते. 'लॉडनम बंचेस' हे रुमालांचे; त्यात कोपऱ्यांवरील गडी समोरासमोर येऊन जागा बदलतात. 'जॉकी टु द फेअर' एकट्याने नाचावयाचे. आश्चर्य असे की, 'कॉन्स्टंट बिली' हेडिंग्टनला काठ्यांनी, तर त्याच परगण्यातील बॅम्प्टनला रुमालांनी नाचतात. नाव एक, पण नृत्य ज्या त्या गावाचे.

हा ठेवा थोडक्यात बचावला. १८८७ च्या सुमारास पथक मोडले होते. पर्सी मॅनिंग या संशोधकाच्या खटपटीने १८९९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. नृत्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या व्हिट्सन सणाचा. परंतु त्या वर्षी कडक थंडीने बांधकामे बंद पडली, म्हणून चार पैसे मिळविण्यास मंडळी २६ डिसेंबरला नाचावयास निघाली. तेथे पाहुणे आलेले संगीतशिक्षक सेसिल शार्प यांनी ती पाहिली. दुसऱ्या दिवशी विल्यम किंबर या तरुण गवंड्याच्या कॉन्सर्टिनावरून त्यांनी पाच चाली उतरून घेतल्या. पावले मात्र लिहिली नाहीत!

पावलांना वाली मिळाला तो १९०५ मध्ये. लंडनमधील शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या मंडळासाठी मेरी नील यांनी किंबरला शिकविण्यास बोलाविले. १९०७ मध्ये शार्प यांचे 'मॉरिस बुक' निघाले, आणि पुढे दोघांत वाद माजला. शार्प यांचा कटाक्ष बिनचूकपणावर, तर नील यांचा नाचणाऱ्याच्या उत्साहावर. आम्हांस दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. कागदावर नसते तर ही नृत्ये दूरदेशी पोहोचती ना; पण उडी किती उंच घ्यावी व घुंगरू कोणत्या क्षणी वाजावे, हे किंबर पुस्तकातून शिकला नव्हता. त्याचा बापही याच पथकात नाचलेला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर हेडिंग्टनचे पथक पुन्हा जमले, तेव्हा म्हातारा किंबर शिकविण्यास होताच. २६ डिसेंबर १९६१ रोजी, त्या पहिल्या भेटीच्या तारखेलाच, तो वारला. गावच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. तिच्या दगडावर कॉन्सर्टिना आणि घुंगरांचे पट्टे कोरलेले आहेत.