आधी मागची बाजू वाच

बापू, पुण्याहून टर्नटेबल आणलंस, बरं केलंस. माझ्या लाउडस्पीकर सर्व्हिसच्या रेकॉर्डींच्या दोन्ही पेट्या आता तुझ्या. तुमसर-मोहाडीकडची लग्नं आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रा त्यांच्यावर झाल्या. पण लोक फर्माईश करत तेवढ्याच रेकॉर्डी वाजल्या. बाकीच्या कव्हरातच राहिल्या. त्यातली एक सगळ्यात आधी काढ. शंकर-जयकिशनची 'रागा जॅझ स्टाईल', 1968 ची. सिनेमाची समजून मी ती घेतली होती. आत एकही गाणं निघालं नाही, म्हणून लग्नात लावता आली नाही. पुढं कितीतरी वर्षांनी एका रात्री, मंडप उतरवून घरी आल्यावर लावली. तोडी सुरू झाला, सतार आणि तिच्या जोडीला सॅक्सोफोन. अकरा राग आहेत तिच्यात, शेवटी भैरवी. सतार रईस खानांची, सॅक्सोफोन मनोहारी सिंगांचा. त्या रात्री मी जेवायचं विसरलो.

तेव्हापासून एकच शिकलो: समोरचं चित्र पाहून रेकॉर्ड घ्यायची नाही, मागची बारीक अक्षरं वाचायची. मोठं नाव सगळ्यांना माहीत असतं, त्याची किंमतही दुकानदाराला माहीत असते. तू साथीदार बघ. ज्याची साथ आवडली, त्याचं नाव वहीत लिही आणि पुढच्या ढिगात तेच शोध. 'इंडो-जॅझ सूट' ही 1966 ची रेकॉर्ड घे. वर नावं दोन: जमैकाचा सॅक्सोफोनवाला जो हॅरियट आणि कलकत्त्यात जन्मलेला जॉन मेयर. मागं वाच, तबल्यावर केशव साठे! मुंबईहून लंडनला गेलेला आपला माणूस. हेच नाव धरून पुढं गेलास तर 1967 ची जर्मनीतली 'जॅझ मीट्स इंडिया' सापडते; तिथं साठ्यांच्या तबल्यासमोर इरेन श्वाइत्झर पियानोवर आहे. जॅझची गंमत अशी की रेकॉर्ड एकाच्या नावावर असते आणि जीव भलत्याच कुणीतरी ओतलेला असतो. अमेरिकेतल्या रेकॉर्डींनाही हाच हिशेब. हॅमंड ऑर्गनवर जिमी स्मिथ आवडला, तर त्याच्यासोबत गिटार कोणाची, ड्रम कोणाचा, तेही लिहून ठेव.

कव्हर फाटलेलं असेल, तर तबकडी तिरपी धरून बॅटरीचा उजेड पाड. चरी संपतात तिथून लेबलापर्यंत कोरी पट्टी असते, तिच्यावर नंबर कोरलेले असतात. ब्लू नोट कंपनीच्या जुन्या रेकॉर्डींवर तिथं रूडी व्हॅन गेल्डरची खूण मिळते. आवाज त्यानंच धरला होता. लेबल गेलं तरी त्या पट्टीवरून तबकडीची ओळख पटवता येते.

शोधायला कुठं जायचं? आपलं भंडारा रोड स्टेशन हावडा-मुंबई लाइनवर आहे. एका टोकाला कलकत्त्याची फ्री स्कूल स्ट्रीट, दुसऱ्या टोकाला मुंबईचा चोर बाजार. पण आधी आपल्याच भागातले जुने लाउडस्पीकरवाले गाठ. त्यांच्या माळ्यावर न वाजलेल्या रेकॉर्डी अजून पडून असतील. भाव करताना घाई करू नको, आणि म्हाताऱ्या माणसाला फसवून तर मुळीच घेऊ नको.

आता जपणुकीचं. इथं लक्ष दे, कारण पुस्तकातला सल्ला आपल्या उन्हाळ्याला पुरत नाही. पारा 45 ला टेकतो तेव्हा टिनाखालची एलपी पापडासारखी वाकते. म्हणून घरातली सगळ्यात थंड भिंत शोध, लोखंडी कपाट घे, तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेव. एकीवर एक आडव्या रचू नकोस. कपाट भिंतीला टेकवायचं नाही, उधई लागते. कूलरच्या झोतातही नको. ओल कव्हरात मुरते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. वाकलेली तबकडी दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवली की सरळ होते, असं सांगतात. मी एक चांगली रेकॉर्ड तशी घालवली. तू करू नकोस.

धुवायला बोअरचं पाणी नको, क्षार चरींत बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आण, मऊ सुती फडकं घे, आणि चरीच्या दिशेनं गोल पूस. आडवं घासायचं नाही. सावलीत वाळव.

आणि पेटीतल्या 78 च्या तबकड्या वेगळ्या काढ. त्या लाखेच्या आहेत. पळसावर, कुसुमावर किडा जी लाख करतो, तीच. सुतार लाख स्पिरिटात विरघळवूनच पॉलिश करतो. तेव्हा त्यांना स्पिरिट लावलंस तर गाणंच पुसशील. त्यांची चर रुंद असते, एलपीची सुई तिथं चालत नाही, दुसरी लावावी लागते. तबकडी हातातून पडली तर फुटते, म्हणून खाली गादी टाकूनच पेटी उघड.

पेट्या दसऱ्यानंतर उघड, हवा कोरडी झाल्यावर. दुसरीच्या तळाशी लेबल उडालेली एक एलपी आहे. तिच्यावर ऑर्गन आहे, आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी ट्रंपेट असा लांबवतो की मी आजही वाट पाहतो. माझी नजर आता त्या बारीक अक्षरांवर ठरत नाही. पट्टीवरचा नंबर वाच आणि त्याच दिवशी मला फोन कर.