जॉन मॅक्लेंडन : एका लहान महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाचा जीवनपाठ

खेळाच्या इतिहासात खेळाडूंची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात, प्रशिक्षकाचे नाव मात्र बहुधा तळाशी येते. तो प्रशिक्षक लहान महाविद्यालयाचा असेल, आणि ज्या समाजाला मुख्य दारातून प्रवेशच नाही अशा समाजातील असेल, तर त्याचे नाव मुळीच न येण्याचाही संभव असतो. अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन यांचे जीवन आम्ही या पाठासाठी निवडले आहे, ते याच कारणाने. विद्यार्थ्याला गुणवत्ता मिळवून देणे आणि त्या गुणवत्तेला मैदान मिळवून देणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच शिक्षकाने कशी पार पाडली, हे त्यांच्या चरित्रातून आपल्याला अभ्यासता येते.

गुरू आणि शिष्य

बास्केटबॉल हा खेळ डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे निर्माण केला. व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या अडकवून आणि तेरा नियम लिहून त्यांनी या खेळाचा आरंभ केला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक झाले.

मॅक्लेंडन यांचा जन्म १९१५ साली कॅन्सस राज्यातील हायावाथा या गावी झाला. १९३३ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा वडिलांच्या सांगण्यावरून त्यांनी थेट नेस्मिथ यांनाच आपले मार्गदर्शक मानले, आणि नेस्मिथ यांनीही या कृष्णवर्णीय तरुणाला जवळ केले. परंतु ज्याने खेळ शोधला त्याचा शिष्य असूनही मॅक्लेंडन यांना विद्यापीठाच्या संघात खेळता आले नाही. त्या संघाचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते.

त्याच विद्यापीठात आणखी एक प्रसंग घडला. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात पोहण्याची परीक्षा सक्तीची होती. पाण्यात न उतरताच उत्तीर्ण होण्याची सवलत मॅक्लेंडन यांना देऊ करण्यात आली, पण त्यांनी ती नाकारली आणि ते तलावात उतरले. त्यानंतर तलावातील सारे पाणी उपसून टाकण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते ही कल्पना या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. मॅक्लेंडन यांनी आपला आग्रह सोडला नाही, नेस्मिथ त्यांच्या पाठीशी राहिले आणि पुढे तो तलाव कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना खुला झाला. १९३६ मध्ये त्या विद्यापीठाची शारीरिक शिक्षणाची पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले. आयोवा विद्यापीठातून त्यांनी पुढील पदवीही संपादन केली.

या प्रसंगात त्यांच्या पुढील कारकिर्दीचे सूत्र आम्हाला दिसते. सवलत घेऊन बाजूला बसण्यापेक्षा इतरांना असलेल्याच अटींवर परीक्षा देणे त्यांनी पसंत केले.

वेगाची विद्या

१९३७ मध्ये मॅक्लेंडन उत्तर कॅरोलायना राज्यातील डरहॅम येथे आले. तेथील महाविद्यालयाच्या नावातच ते ‘निग्रोंसाठी’ असल्याचा उल्लेख होता. १९४० पासून ते बास्केटबॉलचे मुख्य प्रशिक्षक झाले. साधने अपुरी होती आणि मोठ्या राष्ट्रीय स्पर्धांचे दरवाजे बंद होते. अशा ठिकाणी त्यांनी खेळाची एक नवी रीत घडवली.

त्या काळी बहुतेक संघ चेंडू हळूहळू पुढे नेत, एका बाजूला जमून डाव रचत. मॅक्लेंडन यांनी संपूर्ण मैदान हेच खेळाचे क्षेत्र मानले. चेंडू हाती येताच प्रतिपक्ष सावरण्याआधी धावून जायचे, आणि चेंडू गेला तर आपल्या टोपलीकडे माघार घेण्याऐवजी मैदानभर प्रतिपक्षाचा पाठलाग करायचा. अशा खेळाला दमसास लागतो, म्हणून त्यांचे खेळाडू हंगामापूर्वी लांब पल्ल्याची दौड करीत. चार खेळाडूंना चार कोपऱ्यांत पसरवून चेंडू आपल्याकडे राखण्याच्या डावाचे श्रेयही त्यांना दिले जाते. पुढे मोठ्या विद्यापीठांनी हा डाव वापरला आणि तो प्रसिद्ध झाला. १९६५ मध्ये त्यांनी आपल्या वेगवान पद्धतीवर ग्रंथ लिहिला.

कुलूपबंद सामना

१९४४ मध्ये डरहॅममध्ये दोन उत्तम संघ होते. एक मॅक्लेंडन यांचा, तर दुसरा ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचा, ज्यात इतरत्र नाव मिळवलेले गौरवर्णीय खेळाडू होते. दोन्ही संघ एकाच नगरात असूनही त्यांना एकमेकांशी खेळण्याची मुभा नव्हती. दक्षिणेत तेव्हा वर्णविभाजनाचे कायदे लागू होते. त्याच वर्षी जुलै महिन्यात डरहॅममध्येच, बसच्या मागील भागात जाण्यावरून झालेल्या वादानंतर एका बसचालकाने कृष्णवर्णीय सैनिकाला गोळ्या घालून ठार केले आणि न्यायालयाने त्या चालकाला निर्दोष सोडले. मिश्र सामना भरवण्यात कोणती जोखीम होती, हे यावरून समजते.

१२ मार्च १९४४ हा रविवार होता. नगरातील बहुतेक लोक प्रार्थनेसाठी चर्चमध्ये असताना ड्यूकचे खेळाडू आडवाटेने मॅक्लेंडन यांच्या व्यायामशाळेत आले. दारांना कुलपे लावण्यात आली आणि सामना झाला. मॅक्लेंडन यांच्या संघाने तो ८८-४४ असा जिंकला. त्यानंतर जे घडले ते आम्हाला निकालाहून महत्त्वाचे वाटते. थोड्या विश्रांतीनंतर दोन्ही संघांतील खेळाडू आपसांत मिसळले आणि कृष्णवर्णीय व गौरवर्णीय एकाच बाजूने पुन्हा खेळले.

या सामन्याची बातमी कोठेही छापून आली नाही. ज्यांना ठाऊक होते त्यांनी मौन पाळले. इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी शोध घेऊन १९९६ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हा बावन्न वर्षे उलटली होती.

उघड्या दाराने प्रवेश

कुलपाआड मिळालेल्या विजयावर मॅक्लेंडन यांचे समाधान झाले नाही. सहकारी प्रशिक्षकांसह त्यांनी राष्ट्रीय स्पर्धा खुल्या व्हाव्यात म्हणून सतत पाठपुरावा केला. लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना आपले सदस्यत्व दिले आणि पहिले मोठे दार उघडले.

१९५४ मध्ये मॅक्लेंडन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील टेनेसी ए अँड आय या महाविद्यालयात रुजू झाले. त्या वर्षअखेरीस कॅन्सस सिटी येथील स्पर्धेचे निमंत्रण आले, तेव्हा त्यांनी एक अट घातली. इतर संघ शहरातील ज्या हॉटेलांत उतरतील, तेथेच आमचा संघ उतरेल. निमंत्रण हातचे जाण्याची भीती होती, तरीही त्यांनी अट मागे घेतली नाही. अखेर ती मान्य झाली.

त्यानंतर १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या संघाने या संघटनेचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. ३२ संघांच्या त्या स्पर्धेत अजिंक्य ठरण्यासाठी एका आठवड्यात पाच सामने जिंकावे लागत. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवणारे ते पहिले प्रशिक्षक होत.

तथापि येथे एक कटू सत्य नोंदवले पाहिजे. देशाचे अजिंक्यवीर म्हणून परतलेल्या या तरुणांना नॅशव्हिलमधील दुकानांच्या उपाहारगृहांत बसून जेवता येत नव्हते. फेब्रुवारी १९६० मध्ये त्या नगरातील विद्यार्थ्यांनी शांततेने तेथे बसण्याचा सत्याग्रह सुरू केला. त्यांत टेनेसी ए अँड आयचेही विद्यार्थी होते. मे महिन्यात ती दुकाने खुली झाली. क्रीडांगणावरील यश म्हणजे नागरी हक्क नव्हे, ते स्वतंत्रपणे मिळवावे लागतात, हा धडा या घटनाक्रमातून मिळतो.

उशिरा मिळालेला मान

पुढे मॅक्लेंडन क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले, पण खेळाडूंच्या वेतनावरून मालकाशी मतभेद होताच त्यांनी राजीनामा दिला. १९६६ मध्ये ते क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठात नियुक्त झाले. गौरवर्णीयांचे बहुमत असलेल्या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य बास्केटबॉल प्रशिक्षक होत. १९७९ मध्ये नेस्मिथ यांच्या नावे असलेल्या बास्केटबॉल गौरवदालनात त्यांची निवड झाली, परंतु ती ‘खेळाला हातभार लावणारे’ या वर्गात. प्रशिक्षक म्हणून त्यांचा तेथे समावेश झाला तो २०१६ मध्ये. त्यापूर्वी १९९९ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

मात्र त्यांचे विद्यार्थी गप्प बसले नाहीत. डिक बार्नेट हे त्या अजिंक्य संघातील खेळाडू पुढे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघातून दोनदा विजेते ठरले आणि नंतर त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. आपल्या जुन्या संघाला न्याय मिळावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. २०१९ मध्ये तो संघ गौरवदालनात समाविष्ट झाला.

आपल्यासाठी बोध

या चरित्रातून आम्ही तीन गोष्टी विद्यार्थ्यांपुढे ठेवू इच्छितो. पहिली, तयारी दार उघडण्याची वाट पाहत नाही. स्पर्धा बंद असतानाच मॅक्लेंडन यांचा संघ स्पर्धेला योग्य झाला होता, म्हणूनच दार उघडल्यावर चार वर्षांत तो अजिंक्य ठरला. दुसरी, प्रवेश स्वीकारताना त्याच्या अटी तपासाव्यात. दुय्यम वागणुकीसह मिळणारा प्रवेश हा अर्धाच प्रवेश होय. तिसरी, आपला इतिहास आपणच नोंदवावा. १९४४ चा सामना पन्नास वर्षे विस्मरणात राहिला, तर १९५७ ते १९५९ च्या संघाची स्मृती एका माजी विद्यार्थ्याच्या चिकाटीने टिकली. शिक्षकाचे कार्य शिष्याच्या हातून पूर्ण होते, असे म्हणतात ते या ठिकाणी अक्षरशः खरे ठरले.

चिंतनासाठी प्रश्न

१. पोहण्याच्या परीक्षेतील सवलत स्वीकारली असती, तर मॅक्लेंडन यांचे काय गमावले असते?

२. कुलूपबंद सामन्याच्या दुसऱ्या भागात संघ मिसळले गेले. त्यातून खेळाडूंना एकमेकांविषयी काय उमगले असेल?

३. आपल्या शाळेतील अथवा गावातील कोणत्या शिक्षकाच्या कार्याची नोंद अद्याप झालेली नाही? ती कोण करणार?