सुट्ट्या पैशांतील विचित्र नाणे

गेल्या सत्रात आमच्या एका विद्यार्थ्यास बाजारात सुट्ट्या पैशांत पाच रुपयांचे नाणे मिळाले. त्यावर सालाखाली कसलीच खूण नव्हती. ही टांकसाळीची चूक, हिची हजारो रुपये किंमत येईल, असे कोणी सांगितल्यावरून तो परीक्षेची फी एका अनोळखी ग्राहकास ‘नोंदणी’ म्हणून आगाऊ पाठविणार होता.

आम्ही निरनिराळी नाणी मेजावर मांडली. मुंबईच्या नाण्यावर सालाखाली चौकट, हैदराबादच्यावर तारा, नोएडाच्यावर ठिपका असतो. कोलकात्याची टांकसाळ मात्र खूणच घालीत नाही!

खरा दोष ठसा पडतानाच घडतो. चकती सरकली, तर चित्र एका अंगास जाऊन कडेला कोरी चंद्रकोर राहते. आधीचे नाणे ठशास चिकटून राहिले, तर पुढील चकतीवर त्याचीच बाजू उलटी व खोलगट उमटते. मागाहून ठोकलेल्या वा घासलेल्या नाण्यावर अक्षरे चेपलेली किंवा ओरखडलेली दिसतात. भिंगाने हे सहज कळते.

जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये लोकांस सावध केले होते. ते निवेदनही आम्ही त्यास वाचावयास दिले. दुसऱ्या दिवशी त्याने फी भरली. नाणे अद्याप त्याच्या कंपासपेटीत आहे.