सर्वर नव्हे, माझंच मशीन

14 जुलै 2024, रविवार. पीकविम्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती, म्हणून रविवार असूनही घाटनांदूरच्या माझ्या सेवा केंद्रापुढे सकाळी सातलाच चपलांचा ढीग पडला होता. प्रत्येकाच्या काखेत तीच प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत तेच कागद: सातबारा, आठ अ, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. विमा एका रुपयात होता. शेतकऱ्याकडून एक रुपया घ्यायचा आणि अर्जामागे चाळीस रुपये आम्हाला विमा कंपनीकडून मिळायचे. वर्षभराच्या धंद्यातले हे पंधरा दिवस म्हणजे आमची सुगी.

आदल्या रात्री लाईट गेली होती. इन्व्हर्टर दमला आणि मशीन चालू असतानाच खटकन बंद पडलं. खरं तर ते बरेच दिवस नीट बंदच केलेलं नव्हतं. रात्री फक्त स्क्रीन बंद करायची, सकाळी चालू करायची, हीच आमची पद्धत. त्या सकाळी ते सुरू झालं, ब्राउझर उघडला, नेहमीची पानं दिसायला लागली आणि मोजून चार सेकंदांत अख्खी खिडकी नाहीशी झाली. पुन्हा उघडला, पुन्हा गेली. कसला संदेश नाही की काही नाही.

"काय झालं ओ, सर्वर गेलं का?" बाकावरून एका काकांनी विचारलं.

"हो काका, सर्वर डाऊन आहे," मी सवयीनं बोलून गेलो.

सर्वर ठणठणीत होता. पण आमच्या धंद्यात या दोन शब्दांवर सगळं भागतं, आणि भागतं म्हणूनच आपण पुढे तपासत नाही. सर्वर खरंच पडला असेल तर ब्राउझर जागेवर असतो, पान तेवढं उघडत नाही किंवा पानात एरर येते, आणि तीच साईट मोबाईलवरही उघडत नाही. खिडकीच मिटत असेल तर दोष आपल्या मशीनमध्ये आहे. मोबाईलवर साईट उघडून पाहायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट मी खर्च केलं नाही.

त्याऐवजी मी जे केलं ते आजही आठवलं की कानशिलं गरम होतात. कंट्रोल पॅनेल उघडलं, ब्राउझर निवडला, अनइन्स्टॉल. एक लहानशी चौकट आली. तुमचा ब्राउझिंग डेटासुद्धा डिलीट करायचा का, असं तिनं विचारलं आणि शेजारी टिक करायला जागा होती. मी टिक केली. का केली? घाण गेली म्हणजे रोग जाईल, एवढंच डोक्यात होतं. बाहेर बाया-माणसं उन्हात उभी होती, मागून कुणी तरी "आवरा ओ लवकर" म्हणत होतं. नवा ब्राउझर उतरवला, बसवला, उघडला. चार सेकंद. खिडकी गायब.

म्हणजे रोग होता तिथेच होता. गेले ते माझे बुकमार्क आणि चार पोर्टलांचे पासवर्ड, जे मी वर्षानुवर्षं त्या ब्राउझरच्याच भरवशावर ठेवले होते. सगळ्यांनी वापरायचं मशीन म्हणून सिंक बंद ठेवलेलं, त्यामुळे त्यांची प्रत कुठेच नव्हती.

भाचा पुण्यात संगणकाच्याच कामात आहे. त्याला फोन लावला. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं, "मामा, काही पुसलं का?"

"पुसलं."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "बरं. आता अजून काही पुसू नका. विंडोजबरोबर आलेला दुसरा ब्राउझर आहे ना, तो उघडा."

तो उघडला आणि चालला! पहिल्या मिनिटापासून तो चालतच होता, मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. भाच्यानं वर आणखी सांगितलं, की आधीच्या ब्राउझरमधले पासवर्ड या दुसऱ्या ब्राउझरनं स्वतःकडे ओढूनही घेतले असते. पण आता ओढायला काही उरलं नव्हतं. विम्याच्या पोर्टलचा पासवर्ड ओटीपी मागवून बदलला आणि साडेदहाला पहिला अर्ज भरला. तोवर बाराजण कंटाळून निघून गेले होते.

दुपारी गर्दी पांगल्यावर भाच्यानं मला फोनवरच एक गोष्ट शिकवली. ती मला आधी माहीत असती तर हे लिहायची वेळ आली नसती. विंडोजच्या स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं इंग्रजीत टाइप करायचं. एक तक्ता उघडतो, दिवसादिवसाचे रकाने असलेला. ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवसाच्या रकान्यात लाल फुली. माझ्या रविवारच्या रकान्यात ती होती. त्या फुलीवर टिचकी मारून तपशील उघडला की त्यात कोसळलेल्या प्रोग्रॅमचं नाव येतं, आणि त्याखाली 'फॉल्ट मॉड्यूल' म्हणून एका फाइलचं. पहिलं नाव ब्राउझरचं होतं. फाइल मात्र ब्राउझरची नव्हती, माझ्या अँटिव्हायरसची होती. मुदत संपून आठ महिने झालेला, नूतनीकरण न केलेला अँटिव्हायरस, कोपऱ्यात लाल चिन्ह घेऊन बसलेला. दोघांचीही नावं घेत नाही, कारण निम्मा दोष माझ्या चालढकलीचा आहे.

झालं होतं असं. ब्राउझर आपली नवी आवृत्ती मागच्या मागे उतरवून ठेवतो आणि तो बंद करून पुन्हा उघडला की ती अंगावर चढवतो. मी तो बंदच करत नव्हतो, म्हणून आवृत्ती तशीच वाट पाहत पडून होती. लाईट गेल्यामुळे मशीन बंद पडलं, सकाळी ती लागू झाली. अँटिव्हायरस ब्राउझरवर नजर ठेवण्यासाठी स्वतःचा कोड त्याच्या पोटात घुसवतो. ब्राउझर नवा झाला, तो कोड जुनाच राहिला, आणि दोघांचं जमेना. अँटिव्हायरस काढला, विंडोजचं स्वतःचं संरक्षण चालू केलं, मशीन एकदा पूर्ण बंद करून सुरू केलं. ब्राउझर आजतागायत चालतो आहे.

हे फक्त आमच्या बालाघाटाच्या माथ्यावरच घडतं असं समजू नका. ऑक्टोबर 2019 मध्ये गुगल क्रोमची 78 वी आवृत्ती आली, तेव्हा ज्या कार्यालयांत सिमँटेकच्या सुरक्षा प्रणालीची जुनी आवृत्ती होती तिथे प्रत्येक टॅब कोसळायला लागला, सेटिंगचं पानसुद्धा उघडेना. क्रोमनं स्वतःच्या पोटात शिरणाऱ्या परक्या कोडवर नवा पहारा बसवला होता. सुरक्षा प्रणाली नवी केली की दुखणं थांबायचं. मार्च 2021 मध्ये अँड्रॉइड फोनवर एकामागून एक ॲप बंद पडत होती, त्याला 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' नावाचा, पान दाखवणारा एक भाग कारणीभूत होता. प्ले स्टोअरवरून तो आणि क्रोम अपडेट केल्यावर फोन ताळ्यावर आले. दरम्यान फोन रिसेट करून फोटो घालवून बसलेली माणसं कमी नसतील.

आणि माझ्या रविवारनंतर पाचव्या दिवशी, 19 जुलैला, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो फोटो मी दुकानात सगळ्यांना दाखवला, मनाला तेवढंच समाधान. पण त्यातली खरी गंमत पुढेच आहे. एवढ्या मोठ्या गोंधळावर उपाय मशीन फॉरमॅट करणं हा नव्हता. सेफ मोडमध्ये जायचं आणि एकच फाइल काढायची, एवढंच. लोकांना तेही जड गेलं, कारण प्रत्येक मशीनपाशी माणसानं स्वतः जाऊन बसावं लागत होतं.

तर माझ्यासारखं केंद्र, झेरॉक्सचं दुकान किंवा पतसंस्थेचा काउंटर चालवणाऱ्यांनी काय करावं? पहिलं काम दुरुस्तीचं नाहीच. दुसरा ब्राउझर उघडा आणि रांग चालू करा. दुसरा म्हणताना एक खुबी आहे. क्रोम आणि एज वेगळे दिसतात, पण 2020 पासून दोघांचं इंजिन एकाच घराण्याचं आहे, त्यामुळे एकाला बाधलेलं कधी दुसऱ्यालाही बाधू शकतं. माझं नशीब, मला बाधलं नाही. फायरफॉक्सचं इंजिन निराळं आहे, म्हणून तोही बसवून ठेवलेला बरा. रोजची पोर्टलं त्यात एकदा उघडून, थंबचं मशीन त्याला ओळखतं का, तेही सवडीच्या दिवशी पाहून ठेवा. गर्दीच्या दिवशी पाहाल तर माझी गत होईल.

मग बिघडलेल्याकडे वळा. मशीन पूर्ण बंद करून सुरू करा. अर्धवट चढलेली आवृत्ती कित्येकदा एवढ्यानंच नीट बसते. सी ड्राइव्हवर जागा आहे का बघा, आमच्याकडे स्कॅन केलेल्या सातबारांनी तो कायम फुगलेला असतो. इन्कॉग्निटो खिडकी उघडा. ती टिकली तर संशय एक्स्टेन्शनवर घ्या, कारण तिथे ती सहसा बंद असतात. फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून धरून उघडलं की तोच प्रयोग होतो. चित्र फाटल्यासारखं दिसून किंवा काळं पडून खिडकी जात असेल तर सेटिंगमधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून पाहा, जुन्या मशीनच्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी नव्या आवृत्तीचं वारंवार बिनसतं. नवं प्रोफाइल काढून पाहा. नव्यात चालत असेल तर जुन्या प्रोफाइलमध्ये काही बिघडलंय. पण ते पुसू नका. ब्राउझर बंद करून त्या प्रोफाइलच्या फोल्डरचं नाव बदला, मागे 'जुनं' असं जोडा. नाव बदललेलं परत आणता येतं.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर तो लाल फुलीचा तक्ता. अनइन्स्टॉल अगदी शेवटी, आणि ती टिक रिकामी ठेवून.

त्या गडबडीत बाकावरच्या एका हौशी तरुणानं दोन सल्ले दिले होते. एक, "जुनं व्हर्जन टाका, मी लिंक देतो." जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीचं प्रोफाइल बहुधा नीट उघडत नाही. शिवाय अपडेटमध्ये चोरवाटा बुजवलेल्या असतात आणि लोकांचे आधार-पासबुक हाताळणाऱ्या मशीनवर त्या पुन्हा उघडायच्या नसतात. त्यात ती लिंक कुणाची, हे कोण सांगणार? दुसरा सल्ला, "कस्टमर केअरला फोन लावा," आणि त्यानं मोबाईलवर शोधून नंबरही काढला. फुकट मिळणाऱ्या ब्राउझरसाठी फोनवर बसून तुमची वाट पाहणारा कुणी नसतो. तरी मी तो नंबर लावला. पलीकडचा माणूस स्क्रीन बघायचं ॲप टाकायला सांगायला लागला तसा मी फोन ठेवला. तुमच्याकडून तोवर पैसे गेलेच असतील तर तडक सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा, जितकं लवकर तितकं बरं.

आणखी एक मोह होतो, अपडेटच कायमचं बंद करून टाकण्याचा. माझ्या ओळखीत हे करणारे आहेत. विंडोज 7 वर क्रोमची 109 वी आवृत्ती शेवटची ठरली, फेब्रुवारी 2023 पासून तिथे नवी मिळत नाही. अशी मशीनं अजूनही चालू आहेत आणि त्यांचे मालक "माझं कधी क्रॅश होत नाही" म्हणून छाती काढून फिरतात. मला त्यांची काळजी वाटते. अपडेट चालू ठेवा, फक्त ते आपल्या वेळेवर होऊ द्या. मी आता दर शनिवारी रात्री ब्राउझर बंद करून उघडतो आणि मशीन शटडाऊन करतो. काही फाटायचंच असेल तर रविवारी फाटावं. जुलैतला रविवार सोडून, अर्थात.

खरा फटका मात्र पासवर्डांनी दिला, ब्राउझरनं नव्हे. तीन पोर्टलं संध्याकाळपर्यंत परत मिळाली. चौथ्याला जोडलेला मोबाईल नंबर म्हणजे माझं जुनं सिम, रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडलेलं. ओटीपी त्याच नंबरवर जाणार. अर्ज, ओळखपत्र, अंबाजोगाईच्या तीन खेपा, आणि अकरा दिवसांनी लॉगिन हाती आलं. नुसतं प्रोफाइलचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं तरी यात भागत नाही, कारण क्रोम-एजसारखे ब्राउझर पासवर्ड त्याच मशीनच्या त्याच विंडोज खात्याला बांधून कुलूपबंद करतात, दुसऱ्या मशीनवर ते उघडत नाहीत. आणखी एक लाजेची गोष्ट सांगून टाकतो. त्या ब्राउझरमध्ये काही शेतकऱ्यांचेही पासवर्ड साठलेले होते, त्यांच्या सोयीसाठी म्हणून. ते गेले हे एका अर्थी बरंच झालं. ते माझ्याकडे असायलाच नको होते.

विम्याची मुदत पुढे 31 जुलैपर्यंत वाढली. परत गेलेल्या बाराजणांपैकी अकराजण पुन्हा आले, बाराव्यांनी परळीत भरला. मुदत वाढली नसती तर बाकावरच्या त्या काकांना मी काय तोंड दाखवलं असतं, कोण जाणे.

आज दुकानाचं शटर ओढण्याआधी पाच मिनिटं काढा. प्रत्येक पोर्टलचं नाव, युजर आयडी आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर एका वहीत लिहा, आणि त्यातला प्रत्येक नंबर लावून पाहा, वाजतो का.